आधी कोण आलं?

"मॅडम, पण हायड्रोजनला कसं कळतं?"

प्रश्न शेवटच्या बाकावरून आला होता. फळ्यावर प्रोपीन काढलेलं (तीन कार्बन ओळीने, एका टोकाला दुहेरी बंध), शेजारी हायड्रोजन ब्रोमाइड, पुढे बाण. मी नेहमीचं वाक्य म्हणून मोकळी झाले होते: ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, तिकडे नवा हायड्रोजन जातो आणि ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर. सवयीने पुढे जोडलं, "पैशाकडे पैसा जातो, तसं." वर्ग हसला, वह्यांमध्ये ते उतरलंही. ही उपमा मला माझ्या सरांनी दिली, त्यांना बहुधा त्यांच्या सरांनी. परीक्षेत ती सहसा दगा देत नाही.

"कळतं म्हणजे?"

"म्हणजे त्याला मोजता येतं का, की इकडे दोन आहेत आणि तिकडे एकच?"

मी कार्बोकॅटायनची स्थिरता वगैरे काहीतरी सांगितलं, तेवढ्यात तास संपला. तिने मान डोलावली, पण समाधान झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. कारण हाच प्रश्न मलाही एकदा पडला होता. तिला तो फळ्याकडे बघून पडला, मला तीन आठवडे पाण्यात गेल्यावर.

तिला जे नीट सांगायला हवं होतं ते आधी इथे सांगून टाकते.

दुहेरी बंध आपण दोन सारख्या रेघांनी दाखवतो, ही पहिली फसगत. दोन्ही बंध सारखे नसतात. एक दोन कार्बनच्या बरोबर मधोमध, घट्ट, आतला. दुसरा म्हणजे पाय (π) बंध. तो रेणूच्या प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेला असतो, इलेक्ट्रॉनांच्या सैलसर ढगासारखा. या दुसऱ्या बंधामुळे दोन कार्बन १.५४ अँगस्ट्रॉमऐवजी १.३४ अँगस्ट्रॉम अंतरावर येतात, पण त्याची स्वतःची पकड पहिल्यापेक्षा कच्ची असते. बाहेरून येणाऱ्याला आधी हाच ढग लागतो.

आता हायड्रोजन ब्रोमाइड. त्यात ब्रोमीनने बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतलेले असतात, त्यामुळे हायड्रोजनची बाजू किंचित धन, जवळजवळ उघडी पडलेली. ढगातले इलेक्ट्रॉन त्या उघड्या हायड्रोजनला धरतात आणि ब्रोमीन जुना बंध सोडून ब्रोमाइड आयन म्हणून बाजूला होतो. म्हणून बाण दुहेरी बंधापासून निघून हायड्रोजनवर टेकायला हवा. दरवर्षी निम्मा वर्ग तो उलटा काढतो आणि दरवर्षी मी गुण कापते. उलटा बाण काढणाऱ्यांच्या मनात हायड्रोजन जागा शोधत हिंडत असतो. तो हिंडत नाही, त्याला धरून आणलं जातं.

धरून आणल्यावर त्याला दोनपैकी एका कार्बनवर बसावं लागतं. टोकाच्या कार्बनवर बसला तर ढगातले दोन्ही इलेक्ट्रॉन त्या नव्या बंधात खर्ची पडतात आणि मधला कार्बन उघडा पडतो, त्याच्यावर धनप्रभार येतो. मधल्या कार्बनवर बसला तर टोकाचा कार्बन उघडा पडतो. सगळा निकाल इथेच लागतो: ही उणीव कोणता कार्बन सोसू शकेल? मधल्याच्या दोन्ही अंगांना कार्बन आहेत, आणि त्यांच्या कार्बन-हायड्रोजन बंधांतले इलेक्ट्रॉन थोडे त्याच्या बाजूला कलतात. प्रभार शेजाऱ्यांत वाटला जातो, एकावर पडत नाही. टोकाच्या कार्बनला असा आधार देणारा शेजारी एकच. म्हणून हायड्रोजन टोकाला, उणीव मध्ये, आणि मागून येणारा ब्रोमाइड त्या उणिवेवर. तयार होतं ते २-ब्रोमोप्रोपेन.

मोजणी कुठेच झाली नाही. कार्बनला चारच हात. ज्याच्यावर हायड्रोजन कमी त्याच्यावर शेजारी कार्बन जास्त, एवढाच तो योगायोग. आपण हायड्रोजन मोजतो, पण रेणूला भिडलेले असतात ते शेजारी.

योगायोग कुठे तुटतो ते बघायचं तर प्रोपीनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मिथाइल गटातले तिन्ही हायड्रोजन काढून तिथे फ्लोरीन बसवा. दुहेरी बंध तोच, टोकाला दोन हायड्रोजन, मधल्यावर एक. 'पैशाकडे पैसा' म्हणणारा डोळे मिटून हायड्रोजन टोकाला लावेल आणि चुकेल. तीन फ्लोरीन इलेक्ट्रॉन इतके ओढतात की त्यांच्या लगेच शेजारी धनप्रभार टिकणं कठीण होतं. तो बिचारा लांब, टोकाला जातो, हायड्रोजन मध्ये बसतो आणि हॅलोजन (ब्रोमीन, क्लोरीन यांचं घराणं) टोकाला. हे उदाहरण मी त्या दिवशी फळ्यावर घ्यायला हवं होतं. सुचलं घरी पोचल्यावर, जसं नेहमी होतं.

इथे कुणी विचारेल, हा मधला धनप्रभारित कार्बन, कार्बोकॅटायन, आहे कशावरून? त्याला कुणी पाहिलंय? या अभिक्रियेत तो सेकंदाच्या अब्जांश भागाइतकाही टिकत नाही. मला पटलेला पुरावा अप्रत्यक्ष आहे, आणि थेट पुराव्यापेक्षा जास्त आवडलेला. ३-मिथाइल-१-ब्यूटीन (चार कार्बन ओळीने, दुहेरी बंध पहिल्या-दुसऱ्यात, तिसऱ्याला आणखी एक कार्बन चिकटलेला) घ्या आणि त्यावर हायड्रोजन क्लोराइड सोडा. नियमानुसार क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर हवा. काही रेणूंत तो तिथे सापडतो. पण निम्म्याहून जास्त रेणूंत क्लोरीन तिसऱ्या कार्बनवर असतो, जिथे मुळात दुहेरी बंधच नव्हता! प्रभार दुसऱ्या कार्बनवर आला, पण शेजारचा तिसरा कार्बन तीन कार्बनांमध्ये बसलेला, प्रभार सोसायला जास्त समर्थ. मग तिथला एक हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्यावर सरकतो आणि उणीव तिसऱ्याकडे जाते. क्लोराइड पोचेपर्यंत जागा बदललेली असते. मधे थांबाच नसता, तर ही अदलाबदल व्हायला वेळ कुठून मिळाला असता? फ्रँक व्हिटमोरने १९३२ मध्ये अशा सगळ्या सरकासरकीमागे एकच कारण असल्याचं मांडलं, तेव्हा असल्या आयनांवर विश्वास ठेवायला बरेच रसायनज्ञ तयार नव्हते. पुढे जॉर्ज ओलाहने अतितीव्र आम्लांमध्ये हे कॅटायन निवांत टिकवून त्यांचे वर्णपट घेतले आणि १९९४ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं.

आणि ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या व्लादिमीर मार्कोवनिकॉव्हकडे यातलं काहीच नव्हतं. तो रशियातल्या कझानमध्ये रसायनज्ञ बुटलेरोव्हच्या हाताखाली शिकला. १८६९ च्या त्याच्या प्रबंधाचा विषय होता रेणूतल्या अणूंचा एकमेकांवरचा प्रभाव. नियम जर्मन नियतकालिकात छापून आला तो १८७० मध्ये, तोही ब्युटिरिक आम्लांवरच्या लेखाच्या शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखा. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून सत्तावीस वर्षं होती. मूळ मांडणीत हायड्रोजनच्या मोजणीबरोबरच हॅलोजन अशा कार्बनकडे जातो जो इतर कार्बनांच्या प्रभावाखाली जास्त आहे, असाही विचार होता. म्हणजे शेजाऱ्यांचं महत्त्व त्या माणसाला कळलेलं होतं. प्रभाव कसला ते सांगायला शब्द नव्हते इतकंच. पाठ्यपुस्तकांनी मोजणी तेवढी उचलली, कारण मोजणीवर प्रश्न काढता येतो. (मीही काढते.)

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, एका सहकाऱ्याला अन्यायाने काढून टाकलं म्हणून मार्कोवनिकॉव्हने काही प्राध्यापकांबरोबर कझानमधला राजीनामा दिला. हे वाचल्यापासून पुस्तकातला त्याचा दाढीवाला फोटो मला कमी रागीट दिसायला लागला.

आता माझे तीन आठवडे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला २-ब्रोमोहेक्झेन हवं होतं. पुढे त्यावर बरंच काही करायचं होतं, हे आपलं सुरुवातीचं सामान. म्हणजे १-हेक्झीन (सहा कार्बन ओळीने, दुहेरी बंध टोकाला) घ्यायचं, पेंटेनमध्ये विरघळवून बर्फात ठेवायचं आणि त्यात हायड्रोजन ब्रोमाइड वायू सोडायचा. अर्ध्या दिवसाचं काम. वायूचा सिलिंडर नव्हता, म्हणून जुन्या पद्धतीने चंबूत टेट्रालीन नावाचा द्रव आणि वरच्या फनेलमधून थेंबथेंब ब्रोमीन. ब्रोमीनचा लालभडक थेंब टेट्रालीनमध्ये पडतो, रंग विरतो आणि वायू बाहेर पडायला लागतो. नळी कुठे सैल असेल तर दमट हवेत त्याचा पांढरा धूर दिसतो आणि नाकात झणका बसतो. सोबत निसटणारं ब्रोमीन अडवायला मध्ये टेट्रालीनचीच आणखी एक बाटली. ही सगळी जोडणी मी एकटीने केली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

१-हेक्झीनची बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत सापडली. तपकिरी काच, लेबलावरची शाई उडालेली, आत तळाशी तिसरा हिस्सा द्रव. वर सगळी हवा. याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

अभिक्रिया झपाट्याने झाली. इतकी झपाट्याने की मी खूश झाले. धुतलं, वाळवलं, ऊर्ध्वपातन केलं आणि नमुना एनएमआरला दिला, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनांचे संकेत पीपीएमच्या पट्टीवर दाखवणाऱ्या यंत्राला. २-ब्रोमोहेक्झेनमध्ये ब्रोमीन धरून बसलेल्या कार्बनवर एकच हायड्रोजन असतो आणि त्याचा गुंतागुंतीचा संकेत ४.१ पीपीएमच्या आसपास दिसतो. शेजारच्या मिथाइलचा दुपदरी संकेत १.७ ला. हातात आलेल्या कागदावर ४.१ ला जेमतेम खाजवल्यासारखं काहीतरी होतं. आणि ३.४ ला एक सुरेख, उंच, तीन टोकांचा संकेत. तीन टोकं म्हणजे शेजारी दोन हायड्रोजन. ३.४ म्हणजे टोकाच्या कार्बनवर ब्रोमीन. माझ्या बाटलीत बहुतांशी १-ब्रोमोहेक्झेन होतं.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं वाटलं. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा वायू हळू सोडला, बर्फात मीठ घातलं, तरी तेच. नियम तर नववीतल्या पोरालाही समजावून सांगता येईल असा, आणि माझ्याच हातून तो उलटा चालत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

सरांनी तिन्ही वर्णपट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "बाटली कधीची आहे?"

"कुठली बाटली, सर?"

"अगं, हेक्झीनची."

त्यांनी आयोडाइड-स्टार्चची पट्टी मागितली, ओली केली आणि बाटलीतला एक थेंब तिच्यावर टाकला. पट्टी निळी पडली. सरांनी ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "तुझा प्रयोग चुकलेला नाही. तू दुसराच प्रयोग केलास."

हा 'दुसरा प्रयोग' मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी १९३३ मध्ये शिकागोत उलगडला होता. मार्कोवनिकॉव्हनंतरची साठ वर्षं हायड्रोजन ब्रोमाइडने रसायनज्ञांना भंडावून सोडलं होतं. तेच अल्कीन (दुहेरी बंध असलेलं संयुग), तोच वायू, पण एका प्रयोगशाळेत एक पदार्थ आणि दुसरीत दुसरा. कुणी उजेडाला दोष दिला, कुणी द्रावकाला, कुणी तापमानाला. खुद्द खराशने सुरुवातीला एका अल्कीनची इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून दोन वेगळी रूपं असावीत असा तर्क लढवला होता आणि पुढे तो सोडून दिला. मग दोघांनी अ‍ॅलिल ब्रोमाइड, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधीच एक ब्रोमीन असलेलं प्रोपीन, घेतलं आणि चिकाटीने एकेक गोष्ट वगळत गेले. हवा पूर्ण काढून, अंधारात ठेवलं तर अभिक्रिया दिवसच्या दिवस रेंगाळते आणि नियमातलं १,२-डायब्रोमोप्रोपेन मिळतं. हवा लागलेलं अ‍ॅलिल ब्रोमाइड घेतलं तर काही तासांत काम तमाम, आणि मिळतं १,३-डायब्रोमोप्रोपेन. हवेतला ऑक्सिजन अल्कीनमध्ये मुरत जातो आणि परॉक्साईड बनवतो; माझी पट्टी निळी पडली ती त्यानेच. खेळ त्याचा होता. अगदी चिमूटभर असलं तरी पुरतं.

पुरतं कसं, तर साखळीमुळे. परॉक्साईडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध फार कमकुवत. तो मधोमध तुटतो आणि दोन्ही तुकड्यांकडे एकेक सुटा इलेक्ट्रॉन राहतो. असा तुकडा म्हणजे मुक्त मूलक. तो हायड्रोजन ब्रोमाइडमधला हायड्रोजन हिसकावतो आणि ब्रोमीनचा अणू सुटा इलेक्ट्रॉन घेऊन एकटा पडतो. हा ब्रोमीन दुहेरी बंधावर जाऊन बसतो, तेही टोकाच्या कार्बनवर. सुटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर येतो, तो पुढच्या हायड्रोजन ब्रोमाइडमधून हायड्रोजन ओढून घेतो, आणि पुन्हा एक ब्रोमीन मोकळा. पहिली ठिणगी कुणी टाकली होती हे विचारायला पुढे कुणी थांबत नाही.

सरांनी मला हे कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं, दोन्ही मार्ग एकाखाली एक. वर आयनांचा, खाली मूलकांचा. मग पेन्सिलने दोन्हींतला टोकाचा कार्बन गोल केला आणि काहीच बोलले नाहीत. मला दिसायला जरा वेळ लागला. वरच्या मार्गात आधी हायड्रोजन आला, तो टोकाला बसला, उणीव मध्ये राहिली. खालच्या मार्गात आधी ब्रोमीन आला, तोही टोकाला बसला, उणीव याही वेळी मध्येच राहिली. प्रभार असो की सुटा इलेक्ट्रॉन, सोसणारा मधलाच कार्बन, कारण शेजारी त्याच्याकडेच जास्त. मला वाटत होतं परॉक्साईडने नियम मोडला. नियम जागच्या जागी होता. रांगेत पुढे कोण होतं, तेवढंच बदललं होतं.

अशा जोडणीला पुस्तकं लावतात तो 'प्रति-मार्कोवनिकॉव्ह' हा शब्द मला त्या दिवसापासून खटकतो. नावातच भांडण आहे, प्रत्यक्षात नाही.

मग हा प्रकार हायड्रोजन क्लोराइडला का जमत नाही? हे बहुतेक मुलं पाठ करतात. आकडे एकदा समोर ठेवले तर पाठ करावं लागत नाही. हायड्रोजन-क्लोरीन बंध मोडायला मोलमागे सुमारे ४३१ किलोज्यूल लागतात. मधल्या कार्बनवरचा सुटा इलेक्ट्रॉन एवढी किंमत मोजून हायड्रोजन ओढायला गेला तर व्यवहार तोट्याचा, म्हणून साखळी अडखळते. हायड्रोजन-आयोडीन बंध जेमतेम २९८ किलोज्यूलचा, तिथे हायड्रोजन सहज मिळतो. पण आधीची पायरी अडते, कारण कार्बन-आयोडीन बंध इतका दुबळा की त्यासाठी पाय बंध मोडणं परवडत नाही. हायड्रोजन-ब्रोमीन ३६६. दोन्ही पायऱ्या उताराच्या, असा हा एकटाच. हायड्रोजन फ्लोराइडचं नावही काढायला नको, त्याचा बंध या सगळ्यांत दांडगा.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. आयनांच्या मार्गाने हायड्रोजन शेजारी सरकतो, उणीव जागा बदलते, हे वर आलंच. मूलकांच्या मार्गात ही सरकासरकी होत नाही. त्यामुळे ३-मिथाइल-१-ब्यूटीनसारखं अल्कीन घेतलं की कोणत्या वाटेने गेलो हे पदार्थच सांगतो. ब्रोमीन टोकाला दिसला की कुणीतरी बाटली उघडी ठेवली होती.

चौथ्या खेपेला मी हेक्झीन ऊर्ध्वपातित केलं, अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळलं आणि पट्टी पांढरी राहते याची खात्री केली. चिमूटभर हायड्रोक्विनोन टाकलं, म्हणजे चुकून राहिलेला मूलक तिथेच गारद. नायट्रोजन सोडला आणि चंबूभोवती फॉइल गुंडाळली, कारण उजेडानेही ती साखळी सुरू होऊ शकते. यावेळी काम कूर्मगतीने चाललं. दुपारी बघितलं, अजून हेक्झीन शिल्लक. रात्रभर ठेवलं. सकाळी येऊन नमुना दिला. ४.१ ला तो पसरट, गुंतागुंतीचा, दिसायला अजिबात सुंदर नसलेला संकेत हजर होता. १.७ ला दुपदरी.

सरांनी कागद उजेडाला धरला. "छान," म्हणाले, आणि मग बोटाने ३.४ वर टेकवलं. पायाच्या रेषेवर, खरखरीतून जेमतेम वर आलेली, तीन बारीक टोकं.

"हे काय, सर?"

"असू दे," म्हणाले. "पुढची पायरी कर."